वर आलेला कागद

"आज वाचून नाय दाखवणार काय, मामा?" दुकानदार जमालुद्दीननं विचारलं, आणि नरहर खोपकरांचा हात टोमॅटोच्या पेटीवर तसाच राहिला. त्यांना वाटलं, जमालुद्दीन दुसऱ्या कोणाशी बोलतो आहे. पण मनामाच्या गुदैबिया भागातल्या त्या चिंचोळ्या दुकानात त्या वेळी तिघंच होते: गल्ल्यामागे जमालुद्दीन, पेटीपाशी ते स्वतः, आणि त्यांच्या मागे पावलभर अंतर ठेवून, हातात रिकामी पिशवी घेऊन उभा असलेला हरिदास. "साहेब, तुमच्या या मामांचा आवाज म्हणजे रेडिओ आहे," जमालुद्दीन हसत सांगू लागला. "माझी शाळा उर्दू. मराठी बोलतो फाडफाड, पण हा पेपर डोळ्यासमोर धरला की अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. दोन दिवस शिळा येतो विमानानं, तरी मामांनी वाचला की ताजा वाटतो. रोज सकाळी एक पान. अग्रलेख मात्र नको सांगितलंय, झोप येते." हरिदास हसला नाही. त्यानं साहेबांकडे बघितलं, मग जमिनीकडे. खोपकर म्हणाले, "वाच." हरिदासनं पिशवी काखेत धरली, पेपर घेतला आणि वाचला. कुठल्याशा तालुक्यातल्या शाळेचं छप्पर उडालं होतं, मुलं देवळाच्या ओसरीवर बसत होती. बोट न लावता, स्वल्पविरामाला थांबत, तो वाचत होता. नवशिक्याचं वाचन असं नसतं. हे जुनं, मुरलेलं वाचन होतं.

परतताना रस्त्यावर जानेवारीचा गार वारा होता. बहरीनमध्ये थंडी असते हे खोपकरांना इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. शैलेंद्र, त्यांचा मुलगा, मनामाच्या एका बँकेत होता. आई गेल्यावर आणि वडिलांच्या डोळ्यांत काचबिंदू पसरल्यावर त्यानं त्यांना इथं आणलं. आता त्यांना जग एखाद्या नळीतून बघावं तसं दिसे. मधलं थोडं, कडेचं काहीच नाही. पहिल्या उन्हाळ्यात घरातला एसी बिघडला तेव्हा दुरुस्तीला आलेल्या सुजीत नावाच्या तरुणानं भिंतीवरचा फोटो बघून विचारलं होतं, "हे एजी साहेब ना? माझे वडील यांच्याकडे शिपाई होते. इथंच आहेत माझ्याकडे." दुसऱ्या दिवशी हरिदास दारात उभा होता. तेव्हापासून रोज चार वाजता तो यायचा, साहेबांना कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचा. साहेबांनी त्याला कधी ये म्हटलं नव्हतं, तो आला नसता तर का नाही असंही विचारलं नसतं. "कधी शिकलास?" खोपकरांनी विचारलं. "झाली बरीच वर्षं, साहेब." "बरीच म्हणजे?" हरिदास एका गाडीला जाऊ देण्यासाठी थांबला, त्यांच्या कोपराला हलकेच धरून त्यानं त्यांना फुटपाथवर घेतलं. "एकोणऐंशी साल. उन्हाळ्यात सुरू केलं. विहारात वर्ग होता. बाबासाहेब सांगून गेले शिका म्हणून, मी आपला पंचवीस वर्षं उशिरा."

एकोणऐंशी. घरी येऊन खुर्चीत बसल्यावरही तो आकडा त्यांच्या डोक्यात एखाद्या नळासारखा ठिबकत राहिला. ते सतरा वर्षं राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे एजी, होते, एकाहत्तरपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत. मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, ते राहिले. सगळ्यांना ते हवे असत, कारण सरकारची बाजू कितीही लंगडी असो, कोर्टात ती त्यांच्या तोंडून सरळ चालत यायची. पहिल्याच वर्षी त्यांचं एक गुप्त मत वर्तमानपत्रात फुटलं होतं. कारकुनानं वाचलं, कोणाला तरी सांगितलं. तेव्हा त्यांनी सचिवाला बजावलं होतं, माझ्या फायली उचलणारा माणूस निरक्षर पाहिजे. ऑफिसात सगळे हसले. सगळीकडे शिकलेले शिपाई मागायची पद्धत, आणि हे उलटंच. मग एक दिवस काळासावळा, हाडकुळा, चाळिशीचा माणूस समोर आणून उभा केला गेला. "वाचता येतं?" त्यांनी विचारलं होतं. "नाही, साहेब." "छान," ते म्हणाले होते. एवढीच मुलाखत. आज पंचवीस वर्षांनी तो "छान" त्यांना स्वतःच्याच आवाजात स्पष्ट ऐकू आला, आणि त्या माणसानं तो झेलताना चेहरा कसा केला होता हे मात्र काही केल्या आठवेना. बघितलंच नव्हतं. सून हेमानं पुढ्यात चहा ठेवला होता, त्यावर साय धरली. "आबा, यू आर नॉट ड्रिंकिंग," नात आर्या म्हणाली. ती नुकतीच ईसा टाउनच्या शाळेच्या बसमधून उतरली होती, खांद्यावर दप्तर तसंच होतं. "पितो, बाळा." "यू ऑल्वेज से दॅट."

हरिदासला त्यांनी नऊ वर्षं वाचता येत नाही असं समजून वापरलं होतं. त्याच्यासमोर ते मंत्र्यांशी बोलले, त्याच्यासमोर कागद उघडे टाकून अंघोळीला गेले. तो रोज संध्याकाळी ऑफिसातून फायलींचा गठ्ठा घरी आणून टेबलावर ठेवायचा आणि सकाळी येऊन, साहेब नाश्ता करत असताना, त्या नीट लावून, पांढऱ्या फितीनं बांधून पेटीत भरायचा. फायली त्याला पाठीच्या रंगावरून, जाडीवरून, कोपऱ्याला पडलेल्या चहाच्या डागावरून ओळखू येतात, असं खोपकर मित्रांना कौतुकानं सांगत. कोर्टातही हात मागे केला की हवी ती फाईल हातात येई. पण फायली इंग्रजीत होत्या. हे आठवल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, त्यांनी सायीसकट चहा पिऊन टाकला. याचिका, प्रतिज्ञापत्रं, मतं, सगळं इंग्रजीत. मराठी शिकलेल्या शिपायाला त्यातलं काय कळणार? दहा मिनिटं तो हलकेपणा टिकला. मग त्यांना त्या कागदाचं अक्षर आठवलं. मोठं, गोल, टाकानं लिहिलेलं, प्रत्येक शब्दावर सरळ शिरोरेघ. मामलेदाराचं अक्षर. मराठी.

कुरणवाडीचं प्रकरण त्र्याऐंशी सालचं. गायरान जमिनीवर एक्केचाळीस कुटुंबं पंचवीस वर्षं कसत होती, बहुतेक बौद्ध, काही मातंग. सरकारला तिथं औद्योगिक वसाहत हवी होती. सरकार म्हणत होतं, ही अतिक्रमणं आहेत. ती माणसं म्हणत होती, आम्हाला अठ्ठावन्न साली जमीन दिली, हुकूम झाला होता. हुकूम त्यांच्याकडे नव्हता. कोणाचा पुरात गेला, कोणाचा झोपडीबरोबर जळला. सुनावणीच्या आठवड्यात खोपकरांना फाईल चाळताना मागच्या बाजूला तो कागद सापडला. मामलेदारानं प्रांताला लिहिलेलं पत्र, की हुकमाप्रमाणे एक्केचाळीस जणांना जमिनीचा ताबा दिला आहे, नावांची यादी खाली. जांभळा शिक्का. समोरच्या वकिलाला त्याची कल्पना नव्हती. सरकारच्या वकिलानं असा कागद लपवायचा नसतो, हे त्यांनी स्वतः लॉ कॉलेजात मुलांना शिकवलं होतं. त्यांनी तो पुन्हा मागे, इंग्रजी कागदांच्या तळाशी सरकवला. उद्या बघू, म्हणाले. सकाळी ऑफिसात फाईल उघडली तर तो कागद सगळ्यात वर होता. पुन्हा खाली घातला. दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. तिसऱ्या सकाळी पुन्हा. त्या वर्षी ते झोपेच्या गोळ्या घेत. गोळीच्या अमलात उठून काहीबाही करायची त्यांना सवय लागली होती. एकदा बायकोनं सांगितलं, तुम्ही मध्येच उठून तुळशीला पाणी घालून आलात, आणि त्यांना काहीही आठवत नव्हतं. तेव्हा त्यांनी ओळखलं की कागद वर ठेवणारा हात आपलाच. जागेपणी आपण तो खाली घालतो आणि झोपेत आपलंच मन उठून तो वर काढतं. चौथ्या दिवशी त्यांनी तो कागद पाकिटात घालून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला. दुपारी न्यायमूर्तींनी विचारलं, असा काही हुकूम झाल्याचं तुमच्या फाइलीत दिसतं का? ते उभे राहिले, गाऊन सारखा केला आणि म्हणाले, "माझ्या फाइलीत तसं काहीही नाही." त्या क्षणी ते वाक्य खरं होतं. निकाल सरकारच्या बाजूनं लागला. पावसाळ्याआधी एक्केचाळीस घरं उठली. पाकीट पुढं कुठं गेलं त्यांना माहीत नाही, ऑफिस सोडताना त्यांनी तो ड्रॉवर उघडला नाही.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण ते त्यांनी एका विशिष्ट प्रकारे मनात जपून ठेवलं होतं. झालं ते वाईट झालं, पण माझं मन मेलेलं नव्हतं. तीन वेळा त्यानं माझ्या पुढ्यात कागद आणून ठेवला. किती माणसांचं मन तेवढं तरी करतं? निवृत्तीनंतरच्या लांबलचक दुपारी, बायकोच्या आजारपणात, इथं परक्या गावात अजान ऐकत पडलेलं असताना, ते त्या तीन सकाळींकडे पुन्हा पुन्हा जात, थंडीत माणूस शेकोटीकडे जातो तसे. सतरा वर्षांच्या कारकिर्दीत स्वतःबद्दल एवढी एकच गोष्ट त्यांना आवडत होती.

बुधवारी फिरताना त्यांनी विषय काढला. "कोणाला बोलला नाहीस ऑफिसात? वाचता येतं म्हणून?" "सांगितलं असतं तर ठेवलं असतं का मला, साहेब?" हरिदास म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, वेळापत्रक सांगावं तसं तो सांगत होता. "पगारपत्रकावर अंगठाच देत राहिलो. नऊ वर्षं. शाई पुसायची सवय झाली होती. सुजीतच्या प्रगतीपुस्तकावर सही, आणि ऑफिसात अंगठा. पोरगा म्हणायचा, बाबा, तुम्ही दोन माणसं आहात. शेवटच्या दिवशी मात्र सही केली. मोठी केली. कारकुनानं बघितलंच नाही, पान उलटलं, खलास." खोपकर हसले, आणि हसता हसता, जणू सहजच, म्हणाले, "फायली वाचायचास की काय मग?" उलटतपासणीत खरा प्रश्न असाच विचारायचा असतो, सगळे हसत असताना. समोरून एक बाई दोन मुलांना ओढत गेली. "त्या इंग्रजीत, साहेब," तो म्हणाला. आणि दोन पावलांनंतर, "बहुतेक." ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो साक्षीदाराला विचारायचा नाही, हा खोपकरांचा नियम होता. या वेळी उत्तर माहीत असल्यासारखं वाटत होतं, म्हणून विचारवत नव्हतं.

शुक्रवारी त्यांचा सत्कार होता. पंच्याहत्तरी पूर्ण झाली म्हणून इथल्या मराठी मंडळींनी हॉल घेतला होता. इंजिनियर, बँकवाले, हिशेबनीस, त्यांच्या बायका, त्यांची इंग्रजी बोलणारी मुलं. भाषण खोपकर तोंडी सांगत आणि हेमा मोठ्या अक्षरात लिहून काढत असे. बुधवारी घरी आल्यावर त्यांनी तिला बसवलं आणि शेवटचं पान नव्यानं सांगितलं. समोरच्याच्या हातात एखादा मुद्दा आहे अशी शंका आली की तो आपणच आधी कोर्टापुढं मांडायचा, आपल्या शब्दांत. मग त्याची धार जाते. हरिदासनं तो कागद वाचला असेल, तर साहेबही तळमळले होते हे त्याला कळलेलं बरं. गावाचं नाव घेतलं नाही, माणसांचं नाही, जमिनीचंही नाही. एका प्रकरणात एक गैरसोयीचा कागद होता. मी तो खाली ठेवी, आणि झोपेत माझाच हात तो वर काढून ठेवी. मी त्याचं ऐकलं नाही, याची खंत आहे. पण तरुणांनो, असा एक हात प्रत्येकात असतो. त्याला मरू देऊ नका. हेमा लिहिता लिहिता थांबली. तिनं पदरानं डोळे पुसल्याचं त्यांना नळीतून अर्धवट दिसलं. "बाबा, छान आहे हे," ती म्हणाली.

हॉलमध्ये दिवे प्रखर होते, त्यांना समोर नुसता पांढरा धूर दिसत होता. शाल आली, नारळ आला, कोणी तरी त्यांच्या निष्कलंक कारकिर्दीबद्दल बोललं. शैलेंद्र कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, भाषण हेमाच वाचेल ना? माझी मराठी वाचायची सवय गेलीय, अडखळेन." तसं ठरलंही होतं. पण खोपकर म्हणाले, "हरिदास वाचेल." ते असं का म्हणाले हे त्यांना पूर्ण कळलं नाही. त्यात प्रेम होतं, हे खरं. आपला शिपाई वाचतो हे लोकांनी बघावं, असंही होतं. आणि त्याच्या तळाशी एक जुनी वकिली होती, की साक्षीदारानं एकदा जबाब स्वतःच्या तोंडानं वाचला की तो त्याचाही होतो. मागच्या रांगेत सुजीतशेजारी बसलेला हरिदास उठून आला. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. त्यानं चष्मा लावला आणि वाचायला लागला, जमालुद्दीनच्या दुकानात वाचलं होतं तसंच, स्वल्पविरामाला थांबत. विनोदाच्या जागी लोक हसले. शेवटचं पान आलं. "मी तो खाली ठेवी," हरिदासनं वाचलं, "आणि झोपेत माझाच हात…" इथं तो थांबला. इथं स्वल्पविराम नव्हता, खोपकरांना भाषण पाठ होतं. चार श्वास, पाच श्वास. कुठं तरी एक लहान मूल कुरकुरलं. मग हरिदासनं वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं आणि लिहिलं होतं तसं, एक शब्द न गाळता, शेवटपर्यंत वाचून दाखवलं. लोक उठून टाळ्या वाजवू लागले.

खुर्च्यांच्या घड्या घालायचे आवाज सुरू झाले होते. शैलेंद्र गाडी आणायला गेला, हेमा आणि आर्या लोकांशी बोलत दारापाशी होत्या. हॉलबाहेरच्या बाकावर खोपकर शाल पांघरून बसले होते आणि हरिदास भाषणाची पानं हातात धरून उभा होता.

"थांबलास का मध्येच?"

"अक्षर लागलं नाही, साहेब."

"हेमाचं अक्षर माझ्यासारख्या आंधळ्यालाही लागेल एवढं आहे. बस इथं."

हरिदास बसला, बाकाच्या टोकाला. इतक्या वर्षांत तो साहेबांच्या शेजारी पहिल्यांदा बसत होता. "तो कागद मी वर ठेवत होतो," तो म्हणाला.

"सकाळी फायली बांधायला यायचो तेव्हा," हरिदास सांगत राहिला. "अख्ख्या फाइलीत तेवढाच एक मराठी. अक्षर मोठं. मला वाचायला लागून चारच वर्षं झालेली, दिसेल ते वाचायचो. यादी पण वाचली, सगळी नावं. मला वाटलं साहेबांच्या नजरेतून सुटला असेल, एवढ्या कागदांत. म्हणून वर ठेवला. दुसऱ्या दिवशी परत तळाशी. म्हटलं, चुकून गेला असेल. परत ठेवला. तिसऱ्या दिवशी समजलं की चुकून नाही. तरी पण ठेवला."

"तुझं कोणी होतं का त्या गावात?"

"नाही. असायला पाहिजे होतं का, साहेब?"

दारापाशी हेमाचं हसणं ऐकू आलं. खोपकरांनी शाल गळ्याशी आवळली. "मला सांगायचं होतंस. तोंडानं."

"कसं सांगणार? मला वाचता येत नव्हतं ना." हरिदास थोडा हसला आणि लगेच थांबला. "सुजीत शाळेत होता. नोकरी गेली असती. तुम्ही पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं ते पण मी बघितलं. ड्रॉवरची किल्ली माझ्याकडेच असायची. काढून त्यांच्या वकिलाच्या हातात देता आलं असतं. दोन दिवस किल्ली खिशात घेऊन फिरलो." तो पानं सारखी करू लागला, कडा जुळवू लागला. "मी पण नाही दिलं. एक्केचाळीस नावं, साहेब. मला अजून निम्मी पाठ आहेत."

शैलेंद्रच्या गाडीचे दिवे वळले आणि बाकावर उजेड पडला. खोपकर त्या तीन सकाळींकडे गेले, सवयीनं, आणि तिथं उभे राहिले. टेबल तेच होतं, नाश्त्याचा वास तोच होता. फक्त टेबलापाशी दुसराच माणूस उभा होता. तो वाकून, घाईघाईनं, दाराकडे बघत, एक कागद वर काढत होता, आणि ते स्वतः आतल्या खोलीत टोस्टला लोणी लावत होते.

"मग मी काय करत होतो, हरिदास?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तुम्ही तो खाली घालत होता, साहेब."

गाडी पुढ्यात येऊन थांबली. हरिदासनं उठून, सवयीनं, हात पुढं केला. खोपकरांनी आपला उजवा हात उचलला, आणि त्याच्या हातात देण्याआधी क्षणभर डोळ्यांसमोर धरला. नळीतून तो पूर्ण दिसत नव्हता. दोन बोटं, थोडा तळवा, शालीचा काठ.